नवं सॉफ्टवेअर टाकायचंय, पण पीसी सांभाळून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खालचे प्रश्न काउंटरवर, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतात. बारावीच्या निकालानंतर घरोघरी नवे पीसी येतात तेव्हा एकदा, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत पुण्याहून आलेला भाचा काहीतरी 'भारी' टाकून परत गेला की दुसऱ्यांदा. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त प्रत्येकाच्या शेवटचं 'सर अर्जंट आहे' तेवढं काढलं. जवळपास सगळ्यांकडे विंडोज असल्यामुळे उत्तरंही विंडोजचीच आहेत.

१. व्हायरस, मालवेअर, ट्रोजन, रॅन्समवेअर: हे सगळं एकच ना?

बोलताना सगळ्यालाच व्हायरस म्हटलं तरी माझी हरकत नाही. नीट सांगायचं तर मालवेअर हे या सगळ्यांचं आडनाव. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. ट्रोजन कामाच्या सॉफ्टवेअरचं सोंग घेऊन तुमच्याच हातून आत येतो. रॅन्समवेअर फाइलींना कुलूप लावून पैसे मागतं. सध्या सगळ्यात जास्त नुकसान करणारा मात्र स्टीलर. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो आणि कित्येकदा काही मिनिटांत स्वतःला पुसून निघूनही जातो. पीसी स्लो होत नाही, स्क्रीनवर काही दिसत नाही. त्यामुळे 'पीसी तर मस्त चालतोय' हा काही पुरावा नव्हे.

२. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो का, की विकतचा अँटिव्हायरस घेऊ?

घरच्या वापराला डिफेंडर पुरतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो विंडोजमध्येच येतो, फुकट आहे आणि अपडेटही आपोआप होतो. विकतचा घ्यायचा असेल तर जरूर घ्या. आपल्या पुण्याच्या काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या दुकानातून उभं केलेलं क्विक हील इकडे बऱ्याच घरांत आहे, आणि फोनवर मराठीत बोलणारं माणूस मिळणं हीसुद्धा एक सोय असतेच. एक गोष्ट मात्र करू नका: दोन अँटिव्हायरस एकावेळी. दोघं एकमेकांच्याच फाइली तपासत बसतात आणि पीसी भर उन्हातल्या म्हशीसारखा बसकण मारतो. विकतचा टाकला की डिफेंडर स्वतःहून मागे सरतो. विकतच्याची मुदत संपली तर तो अनइन्स्टॉल करा. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवून वर्षभर निर्धास्त राहिलेली माणसं मी दर महिन्याला बघतो.

३. अँटिव्हायरस खरंच काम करतोय का, हे व्हायरस न आणता तपासता येतं का?

येतं. त्यासाठी ईकार नावाची चाचणी फाइल असते. ६८ अक्षरांची, पूर्णपणे निरुपद्रवी. सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी ठरवून घेतलंय की ही दिसली की ओरडायचं. ईकारच्या साइटवरून ती उतरवून बघा. ओरडला तर जागा आहे.

४. माझ्याकडे विंडोज १० आहे आणि छान चालतंय. बदलायलाच हवं का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालायचं ते चालतच राहील, पण सुरक्षेतली नवी भोकं बुजवली जाणार नाहीत. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक ठेवल्या तर त्याला पैसेही लागत नाहीत.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीमधली सुरक्षा चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री घरी असेल तर आडमार्गाने ११ घुसवून देणारे पुष्कळ भेटतील. मी ते करून देत नाही, कारण पुढचं अपडेट येईलच याची कोणी हमी देत नाही. अशा पीसीवर विंडोजऐवजी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकून बघा. ब्राउझर, पत्रं, यूट्यूब एवढंच काम असेल तर घरच्यांना आठवड्यात सवय होते.

५. अपडेट आलं की लगेच टाकू, की लोकांचं काय होतंय ते बघून टाकू?

अपडेट दोन जातींचे असतात आणि दोघांना एकच नियम लावला की फसायला होतं.

सुरक्षेचा अपडेट लगेच टाकायचा. मायक्रोसॉफ्टचे हे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे रात्री उशिरा किंवा बुधवारी दिसतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आलेला होता. म्हणजे जवळपास दोन महिने लोक 'रिमाइंड मी लेटर' दाबत होते.

नव्या सोयींचा अपडेट, म्हणजे विंडोजची वार्षिक मोठी आवृत्ती किंवा एखाद्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ५ ची ६, हा थांबून टाकायचा. मी दोन-तीन आठवडे थांबतो. नवं ते चांगलंच असतं असं नाही: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. ते सॉफ्टवेअर घरच्या पीसीवर नसतं, पण तपासणारी कंपनीसुद्धा चुकते हे त्यातून कळलं.

आपल्याकडची एक भर: मोठा अपडेट लावून झोपू नका. मधेच लाइट गेली आणि यूपीएस नसला, तर सकाळी पीसी माझ्याकडे येतो.

६. बीटा, प्रिव्ह्यू, नाइटली म्हणजे नक्की काय? मला सगळ्यात नवं हवंय.

शेंगाची चटणी कुटतानाच चिमूटभर तोंडात टाकून बघतात, मीठ कमी-जास्त असू शकतं हे धरूनच. नाइटली म्हणजे रोज रात्री निघणारी ताजी कुटलेली आवृत्ती. बीटा म्हणजे बरंचसं झालंय, चुका शोधायला तुम्ही मदत करा. रिलीज कॅन्डिडेट म्हणजे आता फक्त शेवटची नजर. स्टेबल म्हणजे बरणीत भरून झालं.

क्रोमची बीटा स्टेबलच्या शेजारी वेगळी बसते, तिला घाबरायचं कारण नाही. विंडोजच्या इनसायडर योजनेचं, म्हणजे नवं विंडोज सगळ्यांच्या आधी वापरून बघायच्या योजनेचं, तसं नाही. कॅनरी किंवा डेव्हसारख्या कच्च्या चॅनलमध्ये शिरलात आणि नंतर कंटाळलात, तर परत यायला बहुतेक वेळा पीसी पुसून विंडोज नव्याने टाकावं लागतं. हौस असेल तर रिलीज प्रिव्ह्यू घ्या, तोही मुलांच्या परीक्षा नसताना.

७. सॉफ्टवेअर उतरवायचं कुठून? गुगलवर पहिलं येतं तेच खरं ना?

नाही. पहिलं येतं ती बऱ्याचदा जाहिरात असते आणि जाहिरात पैसे देणाऱ्या कोणाचीही असते. व्हीएलसी, ओबीएस, सेव्हन-झिप अशा फुकट सॉफ्टवेअरच्या नावाने हुबेहूब दिसणाऱ्या साइट बनवलेल्या आहेत. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये असेल तर तिथून घ्या. नसेल तर कंपनीच्या साइटचा पत्ता अक्षर अक्षर वाचून घ्या. पानावर तीन-तीन हिरवी डाउनलोड बटणं दिसली की ती साइटच सोडा.

आपल्या लोकांचा यातला सगळ्यात मोठा खड्डा मराठी टायपिंगचा आहे. गुगलने विंडोजवरचं इनपुट टूल्स कधीच काढून टाकलं, तरी ते 'ऑफलाइन इन्स्टॉलर' म्हणून भलत्याच साइटवर मिळतं आणि मराठीत लिहू पाहणारी माणसं ते डोळे झाकून उतरवतात. त्याची गरजच उरलेली नाही. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, त्यात मराठी भाषा जोडा आणि तिच्या ऑप्शन्समध्ये फोनेटिक निवडा. इंग्रजी अक्षरांत सोलापूर लिहा, देवनागरीत सोलापूर उमटतं.

८. फाइल उतरवली. उघडण्याआधी ती तपासू कशी?

आधी तिचं पूर्ण नाव बघा. विंडोज फाइलीचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल तुम्हाला 'बिल डॉट पीडीएफ' अशी दिसते, चित्रही पीडीएफचंच लावलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून टाका. आजच करा, वाचून झाल्यावर नको.

मग फाइलीवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. कंपनीचं नाव तिथे असावं. छोट्या, एकट्या माणसाने बनवलेल्या सॉफ्टवेअरला सही नसू शकते, कारण ती विकत घ्यावी लागते. म्हणून सही नाही म्हणजे चोर, असं लगेच ठरवू नका.

तिसरं म्हणजे व्हायरसटोटल. स्पेनमध्ये २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गुगलकडे आहे. तिथे फाइल टाकली की ७० च्या आसपास अँटिव्हायरस ती तपासतात. सत्तरपैकी एखाद-दुसऱ्या अनोळखी इंजिनने लाल दाखवलं तर बहुधा खोटी ओरड. वीस-तीस लाल असतील तर फाइल उडवा. आणि अगदी आज निघालेल्या फाइलीला शून्य लाल आले तरी हुरळून जाऊ नका, त्यांनी ती अजून ओळखलेलीच नसेल. आधार, पॅन, सातबारा, पेशंटचे रिपोर्ट असली कागदपत्रं मात्र तिथे कधीच टाकू नका. टाकलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना पाहता येतात.

९. पीसीला धक्का न लावता नवं सॉफ्टवेअर वापरून बघता येईल का?

तुमच्याकडे विंडोज प्रो असेल तर उत्तम सोय घरातच आहे: विंडोज सँडबॉक्स. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये जाऊन ती चालू करावी लागते. खिडकीत एक कोरं विंडोज उघडतं, त्यात हवं ते टाकून बघायचं, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ती मिळत नाही, आणि घरोघरी होमच असतं. त्यांच्यासाठी पीसीच्या आत खोटा पीसी चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स आहे, ते फुकट आहे. पण ८ जीबी रॅमखाली त्याच्या वाटेला जाऊ नका.

हे दोन्ही जमणारं नसेल तर पोर्टेबल आवृत्ती शोधा. ती इन्स्टॉल होत नाही, फोल्डर उडवला की संपलं. आणि माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप असेल तर त्यात एसएसडी घालून तो खास उचापतींसाठी ठेवा. माझ्या घरी असा एक आहे, त्याच्या झाकणावर मुलीने 'बळीचा बकरा' असं लिहून ठेवलंय.

सँडबॉक्समध्येही फसता येतं. ते प्रश्न १७ मध्ये.

१०. नवं काही टाकण्याआधी काय तयारी करून ठेवू?

मी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारतो: हे आलं कुठून, आणि नाही आवडलं तर परत कसं जाणार? पहिल्याचं उत्तर प्रश्न ७ आणि ८ मध्ये झालं.

परत जाण्यासाठी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. सी ड्राइव्हपुढे ऑफ दिसलं तर, आणि बऱ्याच पीसींवर ते ऑफच असतं, आधी चालू करा. यातून विंडोजची व्यवस्था मागे जाते, तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र परत मिळत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि घेऊन झाला की वायर काढा. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला आयती सापडते.

विंडोजच्या मोठ्या आवृत्तीवरून मागे यायला साधारण १० दिवस मिळतात. नवं विंडोज टाकून लगेच डिस्क क्लीनअप चालवू नका, तो परतीचा रस्ताच झाडून टाकतो.

११. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर सगळेच वापरतात. त्यात एवढं काय?

या एका प्रश्नाने माझा जेवढा धंदा होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही, तेव्हा खरं तर मी गप्प बसायला हवं.

चादरी-टॉवेलची डिझाइनं काढून देणारा एक मुलगा दुपारच्या उन्हात स्कूटरवर मागे बसून, सीपीयू मांडीवर धरून आला. 'काय झालंय बघा की ओ' एवढंच म्हणाला. डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं, सोबत एक क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय ते चालवून देणारा प्रोग्रॅम. पीसी चालू केला. फोल्डरमध्ये मोर होते, वेलबुट्ट्या होत्या, मंदिराची कमान होती, पण प्रत्येक फाइलीच्या नावाला चार अक्षरांचं नवं शेपूट आणि एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे, ४९०. हे स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर, आणि क्रॅकमधून घरगुती पीसींत पसरणं हाच त्याचा धंदा.

एम्सिसॉफ्ट कंपनीने २०१९ मध्ये यावर फुकट सोडवणूक काढलेली आहे, पण ती मोजक्याच चाव्यांना लागू पडते. त्याच्या फाइलींना नाही पडली. शेवटी पोराने काय केलं, तर कारखान्यातून तयार चादरी मागवल्या, भिंग लावून धागे मोजले आणि आपलीच डिझाइनं कापडावरून परत कॉम्प्युटरवर उतरवली. बावीस दिवस लागले. त्यातली मोराची चादर त्याने नंतर मला दिली, आजही दुकानात खुर्चीवर आहे.

क्रॅक चालतो याचा अर्थच असा की तुम्ही एका अनोळखी माणसाच्या प्रोग्रॅमला प्रशासकाचे सगळे हक्क दिलेत, आणि तेही अँटिव्हायरस बंद करून. हिशेबाचं असो, मराठी डीटीपीचं असो की विंडोज फुकट चालू करून देणारं असो, गोष्ट हीच. पैसे नसतील तर लिबरऑफिस, इंकस्केप, गिंप, क्रिटा फुकट आणि रीतसर मिळतात. चुलत्यांच्या लग्नपत्रिका डिझाइन करायला तेवढं पुरे.

१२. इन्स्टॉलर म्हणतो 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. खोटी ओरड असेल तर?

खोटी ओरड असते, नाही असं नाही. छोट्या कंपनीचं नुकतंच निघालेलं सॉफ्टवेअर विंडोजचं स्मार्टस्क्रीन (अनोळखी फाइली रोखणारा पहारेकरी) हमखास अडवतं, कारण अजून फारसं कोणी ते उतरवलेलं नसतं. अशा वेळी चार दिवस थांबा, प्रश्न ८ मधली तपासणी करा आणि पुन्हा बघा. खरी कंपनी आपली फाइल अँटिव्हायरसवाल्यांना पाठवून नाव काढून घेते. 'बंद करा' हे तिच्या पानावर ठळक अक्षरांत सहसा नसतं.

१३. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला. घरी आणला तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत.

शॉर्टकटवर क्लिक करू नका आणि घाईने फॉरमॅटही मारू नका. तुमच्या फाइली बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरच असतात, फक्त लपवलेल्या. आधी डिफेंडरने पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा, आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ची खूणही काढा. ही दुसरी खूण लोक विसरतात. बिननावाचा एखादा फोल्डर दिसेल, त्यात सगळं सापडतं. ते पीसीवर घ्या, त्यातल्या अनोळखी स्क्रिप्ट आणि ईएक्सई उडवा, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

कॉलेजभोवतीच्या झेरॉक्सच्या दुकानांत दिवसाला शेकडो पेनड्राइव्ह एकाच मशिनला लागतात, दुकानदार तरी किती पुरा पडणार. प्रिंटपुरती एक फाइल जुन्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर न्या, नाहीतर मेल करा. फोटोंचा एकुलता एक साठा असलेला पेनड्राइव्ह तिथे लावायचा नाही.

१४. स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखं '५ व्हायरस सापडले' येतंय. कधी पूर्ण स्क्रीन लाल होऊन भोंगा वाजतो.

कोपऱ्यातलं ते दहातले नऊ वेळा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटने 'अलाव' विचारलं आणि कोणीतरी दाबलं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स शोधा आणि अनोळखी साइटची परवानगी काढा. शांत होईल. यासाठी आमच्यासारख्यांना पाचशे रुपये देऊ नका.

पूर्ण स्क्रीनचा भोंगा हे फक्त एक वेबपान असतं. त्यावरच्या नंबरवर फोन करायचा नाही. एस्केप थोडा वेळ दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना 'जुनी पानं परत आणू का' याला नाही म्हणा. फोन करून झालाय, समोरच्याने एनीडेस्क (दुरून तुमचा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलंय, अशी गत असेल तर इंटरनेट तोडा आणि थेट प्रश्न १६ वर जा.

१५. एका साइटने 'मी रोबोट नाही' साठी विंडोजचं बटण आणि आर दाबायला सांगितलं. केलं. काय होईल?

खरी रोबोट-तपासणी चित्रं निवडायला सांगते. ती कधीही विंडोज-आर, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर दाबायला सांगत नाही. त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी केलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. अँटिव्हायरसला वाटतं, मालकानेच केलंय. २०२४ पासून ही युक्ती जोरात आहे. या वाटेनेही पसरलेला लुमा नावाचा स्टीलर मायक्रोसॉफ्टला मे २०२५ पर्यंतच्या दोन महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज पीसींवर आढळला होता. तुम्ही एंटर दाबलं असेल तर पासवर्ड गेले असं धरूनच चाला.

१६. व्हायरस शिरलाय असं वाटतंय. आधी काय करू?

वाय-फाय बंद करा किंवा वायर काढा. पीसीला हात लावणं तिथेच थांबवा आणि मोबाइल घ्या. मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या पासवर्डची चावी तिथे आहे. त्यानंतर बँक, त्यानंतर बाकीचं. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही: 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' हेही दाबा. स्टीलर पासवर्डसोबत ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, पळवतो आणि त्या वापरून पासवर्डशिवाय आत बसतो.

मग पीसीवर विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावा. पीसी रीस्टार्ट होतो, साधारण पंधरा मिनिटं घेतो, आणि विंडोज उठायच्या आत झडती घेतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही बॉट (पीसी दुरून राबवून घेणारं मालवेअर) काढायची साधनं फुकट देतं.

पैसे गेले असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर, तितकी रक्कम वाटेत अडकण्याची शक्यता जास्त. पुढची तक्रार सोलापूर शहरात राहत असाल तर शहर पोलिसांकडे, पंढरपूर-बार्शी-अक्कलकोटकडे असाल तर ग्रामीण पोलिसांकडे.

रॅन्समवेअर असेल तर पैसे भरू नका, भरूनही चावी मिळेलच असं नाही. युरोपोल आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' साइटवर नमुना टाकून बघा. आज चावी नसली तरी कुलूपबंद फाइली एका डिस्कवर जपून ठेवा. कधीकधी वर्षांनी चावी निघते.

१७. सँडबॉक्स किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाकलं म्हणजे काहीही करा, बिनधास्त?

बिनधास्त कसलं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सोयीसाठी शेअर्ड फोल्डर जोडलात, की आतलं रॅन्समवेअर त्या फोल्डरलाही कुलूप लावतं. आत बसून स्वतःच्या खऱ्या जीमेलमध्ये लॉगिन केलंत तर पासवर्ड खराच जातो, खिडकी बंद केल्याने तो परत येत नाही. शिवाय काही मालवेअर आपण खोट्या मशिनमध्ये आहोत हे ओळखून तिथे गुणी बाळासारखं वागतं. सँडबॉक्समध्ये ठीक चालल्याने ते सॉफ्टवेअर उपयोगाचं आहे का एवढं कळतं.

१८. अधिकृत साइटवरून घेतलं, सही होती, तरीही व्हायरस येऊ शकतो का?

क्वचित, पण हो. २०१७ मध्ये सीसीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, खऱ्या सहीनिशी, मागचं दार घेऊन बाहेर पडली. २२ लाखांहून जास्त पीसींवर ती गेली. वापरणाऱ्यांची यात काहीच चूक नव्हती. प्रश्न ५ मध्ये नव्या सोयींच्या आवृत्तीला दोन-तीन आठवडे थांबायला सांगितलं, त्याचं हेही एक कारण. आणि तसलं 'पीसी साफ करणारं' सॉफ्टवेअर घरी लागतच नाही, हे माझं मत.

याची उलटी बाजू विनरारची, म्हणजे झिपसारख्या दाबून बांधलेल्या फाइली उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची. ४० दिवसांची ट्रायल लोक दहा-दहा वर्षं चालवतात आणि ते स्वतःहून अपडेट होत नाही. २०१९ मध्ये त्यात १९ वर्षं जुनं भोक सापडलं. जुनी आवृत्ती असेल तर ती ५.७० च्या पुढची करा, खरं तर सगळ्यात नवीच घ्या.

१९. फॉरमॅट मारला. आता तरी गेला ना?

सी ड्राइव्हवरचा गेला. लोक डी ड्राइव्ह तसाच ठेवतात, आणि ज्या सेटअपमधून व्हायरस आला तो 'सॉफ्टवेअर' नावाच्या फोल्डरमध्ये डी वरच झोपलेला असतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. क्रोममध्ये साइन इन केलं की घाणेरडं एक्स्टेन्शनही सिंक होऊन परत येतं, तेव्हा ते आधी काढा.

फॉरमॅट न मारता व्हायरस 'काढला' असेल तर एक जागा नक्की बघा: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, सगळ्यात खाली एक्सक्लूजन्स. ही यादी रिकामी असायला हवी. क्रॅकचे इन्स्टॉलर तिथे गुपचूप पूर्ण सी ड्राइव्ह लिहून जातात. मग डिफेंडर हिरवी खूण दाखवतो, स्कॅन दोन मिनिटांत संपतं, आणि तो बघत काहीच नसतो.

२०. घरात एकच पीसी. मुलगा गेमचे मॉड टाकतो, मी त्यावरच बँकेचं काम करतो.

मुलाला स्टँडर्ड खातं द्या, प्रशासकाचं खातं आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे. मग काही टाकायचं झालं की तो तुम्हाला हाक मारेल, आणि ती हाक हेच निम्मं संरक्षण. त्याच्या खात्यात शिरलेला स्टीलर त्याच्या फाइली आणि पासवर्ड तरीही नेऊ शकतो, पण तुमच्या खात्यापर्यंत पोचणं अवघड होतं. पासवर्ड मात्र मुलाच्या वाढदिवसाची तारीख नको. त्याला ती पाठ असते.

२१. पीसी दुरुस्तीला देतो तेव्हा तुमच्यावर तरी भरवसा का ठेवायचा?

ठेवू नका. देण्याआधी ब्राउझरमधून साइन आउट व्हा, साठवलेले पासवर्ड काढा, जमलं तर दुरुस्तीपुरतं वेगळं खातं करून द्या. विंडोज टाकून घेतलंत तर लायसन्सचं बिल मागा. बिल नाही म्हणाले तर काय टाकलंय ते प्रश्न ११ मध्ये आहे. घरी नेल्यावर प्रश्न १९ मधली यादी उघडून बघा. आणि आम्ही तुमचा पासवर्ड कागदाच्या तुकड्यावर लिहून सीपीयूच्या मागे चिकटवलेला असतो. तो तुकडा काढून फाडा, मग पासवर्ड बदला.